वजन उतरविण्याची गोळी

अंगानें भरलेल्या माणसाविषयीं मराठी भाषा पूर्वीं फारशी कठोर नव्हती. ‘ढोल्या’, ‘ढब्बू’ हे शब्द तिच्यांत होतेच. पण ‘खात्यापित्या घरचा’, ‘बाळसेदार’, ‘अंगापिंडानें भरलेला’, ‘तब्येत सुधारली’ हे प्रयोगही होते, आणि ते मनापासून केले जात. मुंबईस नोकरीला असलेला नातू मे महिन्यांत घरीं आला म्हणजे आजी त्याला प्रथम न्याहाळून पाही आणि ‘वाळलास रे’ म्हणे. त्या एका शब्दांत खाणावळीची, शहराची आणि एकंदर कलियुगाची निंदा येऊन जाई. माहेरवाशिणीच्या अंगावर मांस किती चढलें यावरून सासरचा चांगुलपणा मोजला जात असे. आज हें सर्व उलटें झालें आहे. लग्नकार्यांत भेटलेल्या बाईला ‘किती बारीक झालीस!’ असें म्हटलें कीं तिचा चेहरा फुलतो, आणि ‘तब्येत सुधारलेली दिसते’ असें म्हणणारा गृहस्थ त्या घरच्या पुढच्या कार्याच्या आमंत्रणास बहुधा मुकतो.

हा पालट सर्वस्वीं वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघ्यांची झीज यांचा मेदाशीं असलेला संबंध आतां वादाचा विषय राहिलेला नाहीं, आणि आमच्या आजीला तो ठाऊक असता तर तीही नातवाच्या पानांतली तिसरी पुरणपोळी काढून घेती. परंतु जेथें लाज आणि भीति एकत्र नांदतात, तेथें औषधाचा व्यापारी फार काळ दूर राहत नाहीं. लोकलच्या डब्यांत चिकटविलेलीं पत्रकें, वर्तमानपत्राच्या घडींतून पडणारे गुळगुळीत कागद, आणि हल्लीं हातांतल्या फोनवर न मागतां येणारे उपदेश, ‘महिन्यांत दहा किलो, व्यायाम नको, पथ्य नको’, हें सर्व ज्याच्या परिचयाचें नाहीं असा वाचक आम्हांस दाखवावा. गंमत अशी कीं, १९५४ सालीं या देशांत औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस मनाई करणारा कायदा झाला, आणि ज्या रोगांवरील औषधांची जाहिरात त्यानें निषिद्ध ठरविली त्यांच्या यादींत स्थूलतेचें नांव स्पष्ट छापलेलें आहे. कायदा अद्याप जिवंत आहे. पत्रकेंही जिवंत आहेत.

गोळीनें वजन उतरावयाचें म्हणजे नेमकें काय व्हावयाचें, याचा विचार विकत घेणारा क्वचित् करतो. शरीराच्या जमाखर्चांत एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० कॅलरींची शिल्लक. ही शिल्लक मोडण्यास वाटा थोड्याच आहेत. शरीराची चूल अधिक भडकवावयाची. किंवा भूक मारावयाची. किंवा खाल्लेलें अन्न अंगीं लागूं द्यावयाचें नाहीं. चौथी एक वाट आहे, ती म्हणजे रेचक आणि मूत्रल औषधें देऊन शरीरांतलें पाणी काढावयाचें. तिनें काटा खालीं येतो, चरबी तेथेंच राहते, आणि दोन तांबे पाणी पोटांत गेलें कीं काटा परत आपल्या जागीं. जगांतील झाडून साऱ्या गोळ्या या चार वाटांपैकीं कोणत्या तरी वाटेनें गेलेल्या आहेत. त्या वाटांवर काय काय घडलें याचा इतिहास आम्ही गेले कांहीं महिने जरा आस्थेनें वाचला. त्याचें कारण घरगुती आहे व तें पुढें सांगूं.

चूल भडकविण्याच्या कल्पनेची कथा सर्वांत विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नांवाचें एक पिवळें द्रव्य स्फोटकांत मिसळीत असत. तेथील कामगारांना घाम सुटे, ताप चढे, ते रोड होत, आणि कांहीं मरत. माणसें मरतात ही बाब बाजूस ठेवून ‘रोड होतात’ एवढीच उचलणारे लोक पुढें निघाले. १९३३ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेन्टर आणि कटिंग या संशोधकांनीं हें द्रव्य स्थूल माणसांना दिलें आणि वजन खरोखरच उतरलें. कसें उतरलें तें स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगतां येईल. आपल्या पेशींत अन्न जळतें आणि त्या जाळावर शरीराचें काम शिजतें. हें द्रव्य चूल पेटती ठेवतें, पण तिच्यावरचें भांडें उतरवून घेतें. सारी उष्णता वायां. शरीर मग अधिकाधिक लांकडें घालीत सुटतें आणि स्वतःची चरबी जाळतें. मात्रा किंचित् अधिक झाली कीं अंगाचा ताप इतका चढतो कीं मनुष्य आंतल्या आंत भाजून निघतो, आणि त्यावर उतारा नाहीं. तेव्हांही नव्हता, आजही नाहीं.

तरीही थोड्याच काळांत अमेरिकेंतील लाखभर माणसांनीं तें घेतलें असावें, असा अंदाज खुद्द टेन्टरनेंच केला होता. तें दुकानांत चिठ्ठीवांचून मिळत होतें, आणि १९०६ च्या जुन्या कायद्यानें तेथील सरकारी खात्याला तें थांबवितां येत नव्हतें. १९३५ पासून तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याच्या वार्ता येऊं लागल्या. १९३८ सालीं नवा कायदा झाला, त्या खात्याच्या हातीं अधिकार आले, आणि या द्रव्याचा औषध म्हणून व्यवहार संपला. औषध म्हणून संपला, एवढेंच. तें अजूनही चोरट्या वाटेनें विकलें जातें. ब्रिटनमध्यें त्यानें इतके तरुण बळी घेतले कीं ऑक्टोबर २०२३ पासून तेथील सरकारनें त्याला विषांच्या नियंत्रित यादींत घातलें. नव्वद वर्षांपूर्वीं ज्याची परीक्षा पूर्ण झाली तें विष एखादा विशीचा मुलगा आपल्या हातानें मागवितो, हें वाचून आम्ही पुस्तक मिटून कांहीं वेळ नुसते बसलों.

भूक मारण्याची वाट अधिक रहदारीची. ॲम्फेटामिन या उत्तेजक द्रव्यानें भूक जाते हें १९३० नंतरच्या दशकांत कळलें आणि युद्धानंतर अमेरिकेंत ‘इंद्रधनुष्यी गोळ्यां’चें पेंव फुटलें. एका गोळींत उत्तेजक, दुसरींत थायरॉइडचा अर्क, तिसरींत मूत्रल, चौथींत रेचक, हृदयासाठीं डिजिटॅलिस, आणि या सर्वांनीं उडालेली झोप परत आणण्यास निराळें गुंगीचें औषध. रंग निरनिराळे, म्हणजे रोग्याला वाटावें कीं आपल्यासाठीं खास नेमून दिलें आहे. कांहीं मृत्यूंनंतर १९६८ सालीं अमेरिकन सिनेटमध्यें त्यांची चौकशी झाली. त्याच सुमारास युरोपांत अमिनोरेक्स नांवाचें औषध आलें: १९६५ सालीं स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनींत विक्रीस, आणि १९६८ पर्यंत बाजारांतून बाहेर, कारण तें घेणाऱ्यांत फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदय थकण्याचा, एरवीं दुर्मिळ असणारा, रोग एकाएकीं वाढला.

तीस वर्षांनीं फेनफ्लुरामिनची चलती झाली, तेव्हां हा धडा कोणाला आठवला नाहीं. फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन हीं दोन औषधें जोडीनें देण्याची लाट १९९२ नंतर अमेरिकेंत उसळली. १९९७ च्या जुलैंत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं चोवीस स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली: कोणालाही पूर्वीं हृदयरोग नव्हता, आणि सर्वांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळूं लागल्या होत्या. त्याच सप्टेंबरांत फेनफ्लुरामिन परत घेण्यांत आलें. आतां येथें एखाद्यास वाटेल कीं गोष्ट संपली. पण फ्रान्समध्यें त्याचाच एक चुलतभाऊ, बेनफ्लुओरेक्स, शरीरांत गेल्यावर ज्याचें तेंच द्रव्य बनतें असा, १९७६ पासून ‘मेडिएटर’ या नांवानें मधुमेह्यांचें औषध म्हणून खपत होता, आणि मधुमेह नसलेल्या पुष्कळ स्त्रिया तो बारीक होण्यासाठीं घेत होत्या. तो १९९७ मध्यें बंद झाला नाहीं. २००९ सालीं झाला. तोही कोणा मोठ्या अधिकाऱ्याच्या दक्षतेनें नव्हे, तर ब्रेस्ट या बंदराच्या गांवीं इस्पितळांत काम करणाऱ्या इरेन फ्राशों या फुप्फुसरोगतज्ज्ञ बाईंच्या चिकाटीनें. त्यांनीं जुने कागद काढले, रोगी मोजले, आणि २०१० सालीं पुस्तक लिहिलें. ‘किती मृत्यू?’ हे त्याच्या मुखपृष्ठावरील शब्द न्यायालयाच्या आज्ञेनें काढावे लागले. वरच्या न्यायालयानें पुढें ते परत मिळवून दिले. २०२१ च्या मार्चांत पॅरिसच्या न्यायालयानें सर्व्हिए या कंपनीला फसवणूक आणि मनुष्यहानि यांबद्दल दोषी ठरविलें. चोवीस वर्षें आधीं अटलांटिकच्या पलीकडे जें सिद्ध झालें होतें तें अलीकडे यावयास एक बाई लागली.

आपल्या देशाशीं ज्यांचा संबंध आला अशीं दोन औषधें म्हणजे रिमोनाबांट आणि सिब्युट्रामिन. भांग घेतलेला मनुष्य पानावरून उठत नाहीं हें होळीच्या दुसऱ्या दिवशीं पाहिलेलें असतेंच. मेंदूंतल्या ज्या कुलुपाला भांग ही किल्ली लागते, तें कुलूपच बंद करावें म्हणजे भूक मरेल, अशी रिमोनाबांटमागची कल्पना. कल्पना नामी होती. भूक मेली, पण त्या कुलुपामागें नुसती भूक नसून जगण्याची गोडीही ठेवलेली असावी. खिन्नता आणि आत्महत्येचे विचार यांचें प्रमाण वाढलेलें दिसलें. २००६ सालीं युरोपांत आलेलें हें औषध २००८ सालीं गेलें आणि २००९ सालीं भारतानेंही त्यावर बंदी घातली. सिब्युट्रामिनची गोष्ट आंकड्यांनीं सांगण्यासारखी आहे. हृदयरोग किंवा मधुमेह असलेल्या सुमारें ९,८०० माणसांवर कित्येक वर्षें चाललेल्या परीक्षेंत, औषध घेणाऱ्या शंभरांपैकीं ११.४ जणांना हृदयाचा वा मेंदूचा झटका किंवा तत्सम गंभीर संकट आलें. निरुपद्रवी बनावट गोळी घेणाऱ्यांत १० जणांना. फरक थोडा दिसतो. परंतु ज्या माणसांच्या हृदयाच्या रक्षणासाठीं म्हणून वजन उतरवावयाचें, त्यांच्याच हृदयावर तो पडलेला. २०१० सालीं युरोप-अमेरिकेंत तें थांबलें आणि २०११ च्या फेब्रुवारींत आपल्याकडे बंद झालें.

पण बंद झालेलें औषध जातें कोठें? तें ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’, ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ अशा डब्यांत जातें. हा आमचा विनोद नव्हे. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानें वजन उतरविण्याच्या तथाकथित नैसर्गिक चूर्णांची आणि कॅप्सुलांची तपासणी केली तेव्हां त्यांतल्या पुष्कळांत, लेबलावर उल्लेख नसलेलें हेंच सिब्युट्रामिन वारंवार सांपडलें आहे. तेव्हां एखाद्या पाल्याचा गुण आठ दिवसांत डोळ्यांत भरूं लागला, भूक साफ गेली, तोंडाला कोरड पडली आणि छाती धडधडूं लागली, तर त्या पाल्याबद्दल आदर वाटण्याऐवजीं संशय वाटावा.

आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीचें लग्न ठरलें तेव्हां अशीच एक डबी त्यांच्या घरीं आली. मुलगी शिकलेली, बँकेंत नोकरीला, हिशेबांत चोख. पण शालू नेसल्यावर आपण छायाचित्रांत कशा दिसूं या विवंचनेनें तिला ग्रासलें होतें. नाहीं म्हणावयास व्याह्यांकडच्या कोणी तरी ‘जरा हेल्दी आहे’ असें म्हटल्याचें तिच्या कानांवर आलें होतें. डबी दिली एका ओळखीच्या बाईंनीं; त्यांना ती कोणा दुकानदारानें दिलेली. डबीवर हिरवीं पानें, कमळ, आणि ‘साइड इफेक्ट नाहीं’ हें आश्वासन. आंत काय आहे याबद्दल चार वनस्पतींचीं नांवें. तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले. घरांत कौतुक झालें. चौथ्या आठवड्यांत तिला झोप येईना, हात कापूं लागले, आणि एका पहाटे नाडी मिनिटाला १४० वर गेली म्हणून वहिनींनीं आम्हांस फोन केला. इस्पितळांत दोन दिवस काढून मुलगी सुखरूप घरीं आली. डॉक्टरांनीं डबी पाहिली, उलटी केली, सुलटी केली, आणि एवढेंच म्हणाले, “काका, कशावर उपचार करतों आहें हें मला कळलें असतें तर बरें झालें असतें.” दुकानदाराकडे बंधू जाऊन आले. तो अत्यंत नम्रपणें म्हणाला कीं, हें औषध नसून अन्न आहे, आणि अन्नाविषयीं तक्रार असल्यास पैसे परत मिळतील. पैसे परत मिळालेही. त्या अन्नांत काय होतें तें मात्र आजतागायत कोणास कळलेलें नाहीं.

वनस्पतींवर आमचा राग नाहीं, हें येथें सांगितलेलें बरें. कोंकणांतल्या कोणाही घरांत आमसूल आहे, आणि उन्हाळ्यांत सोलकढी नसेल तर जेवण पुरें होत नाहीं. याच कोकमाच्या कुळांतील एका दाक्षिणात्य झाडाच्या, गार्सिनिया कंबोजियाच्या, फळाच्या सालींतील आम्ल चरबी बनूं देत नाहीं, अशा समजुतीवर जगभर मोठा व्यापार चालतो. तेंच आम्ल आपल्या आमसुलांतही असतें. १९९८ सालीं १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे त्याची रीतसर परीक्षा झाली. सर्वांना सारखाच हलका आहार. अर्क घेणाऱ्यांचें वजन सरासरी ३.२ किलो उतरलें, आणि बनावट गोळी घेणाऱ्यांचें ४.१ किलो. पिठाची गोळी जिंकली असेंही म्हणतां येत नाहीं, इतका तो फरक किरकोळ. पण अर्क हरला एवढें खरें. पुढें या अर्काच्या कांहीं मिश्रणांनीं यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. आमसूल आमटींतच घालावें.

आणि आयुर्वेदाचें नांव घेऊन कोणी महिन्यांत दहा किलोची हमी देत असेल, तर त्यानें चरकाच्या सूत्रस्थानांतला एकविसावा अध्याय काढून पाहावा. तेथें अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार आहे. दोघांत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण असें चरकाचें मत आहे. आणि व्यायाम, जागरण, मनाचे श्रम हे जे उपाय तो सांगतो ते क्रमाक्रमानें वाढवावयास सांगतो. मनाच्या श्रमानें मेद झडतो, हें विधान आमच्या स्वतःच्या लेखनव्यवसायावरून पडताळून पाहतां आम्हांस थोडें धाडसाचें वाटतें. पण ‘क्रमाक्रमानें’ या शब्दाबद्दल त्या प्राचीन वैद्यास नमस्कार करावा.

अन्न अंगीं लागूं न देणारी जी गोळी, ऑर्लिस्टॅट, ती या सर्व गोतावळ्यांत प्रामाणिक म्हणावी लागेल. १९९९ पासून ती अमेरिकेंत मान्य आहे आणि आपल्याकडेही मिळते. खाल्लेल्या तुपातेलाचा सुमारें तिसरा हिस्सा ती पचूं देत नाहीं. स्वीडनमध्यें ३,३०५ माणसांवर चार वर्षें परीक्षा झाली: गोळी घेणाऱ्यांचें वजन ५.८ किलो उतरलें, न घेणाऱ्यांचें ३ किलो. म्हणजे चार वर्षांच्या गोळ्यांची कमाई पावणेतीन किलो. न पचलेलें तेल शेवटीं ज्या वाटेनें बाहेर पडतें, त्याचें वर्णन कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करण्यासारखें नाहीं. इतकेंच सांगतों कीं, बटाटेवडे खाऊन ही गोळी घेणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं लांबच्या प्रवासास निघत नाहीं. कांहीं लोकांचें वजन त्या भीतीनेंच उतरत असावें.

आतां नव्या औषधांकडे वळूं. येथें आमची लेखणी जरा सावध होते, कारण इतका वेळ चालविलेला उपहास येथें चालत नाहीं. अमेरिकेच्या वाळवंटांत हिला मॉन्स्टर नांवाची एक विषारी पाल असते. तिच्या लाळेंतून १९९२ सालीं जॉन इंग या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं एक द्रव्य वेगळें केलें. जेवल्यावर आपल्या आंतड्यांतून जो ‘आतां पुरे’ असा निरोप मेंदूकडे व स्वादुपिंडाकडे जातो, त्याच्याशीं या द्रव्याचें साम्य होतें. आणि आपला नैसर्गिक निरोप दोन-चार मिनिटांत विरतो, तर हें टिकतें. त्यावरून २००५ सालीं मधुमेहाचें पहिलें इंजेक्शन आलें. पुढचीं औषधें पालीपासून नव्हे, तर मनुष्याच्याच निरोपाला टिकाऊ बनवून केलेलीं आहेत. त्यांतल्या सेमाग्लुटाइडची १,९६१ माणसांवर ६८ आठवडे परीक्षा झाली. वजन सरासरी १४.९ टक्के उतरलें, बनावट औषधानें २.४ टक्के. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. शंभर वर्षांत कोणत्याही गोळीला हें साधलें नव्हतें. सिब्युट्रामिन जेथें नापास झालें तेथेंही सेमाग्लुटाइडची कसोटी झाली: हृदयरोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ वजनदार माणसांत गंभीर संकटें ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलीं. भारतांत टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्यें आलें आणि सेमाग्लुटाइडचें वजनासाठींचें इंजेक्शन त्याच वर्षींच्या जूनांत. सुईला भिणाऱ्यांसाठीं त्याची गोळीही आहे. मात्र पोटांत गेलेल्या औषधाचा शंभरावा भागही रक्तांत पोंचत नाहीं, म्हणून ती पहांटे निरशा पोटीं घोटभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास चहाकडे पाहत बसावें लागतें. हें पथ्य आपल्या लोकांस उपवासाहून अवघड जाईल.

यांतही खोट आहेच. मळमळ, वांति, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हें नेहमींचें. पित्ताशयांत खडे होण्याचें प्रमाण थोडें अधिक. क्वचित् स्वादुपिंडाचा दाह. उंदरांत थायरॉइडच्या एका प्रकारच्या गांठी झाल्या, म्हणून ज्यांच्या घराण्यांत तो विशिष्ट कर्करोग आहे त्यांना तें देत नाहींत. गरोदरपणांत देत नाहींत. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी वाटतात. एक, औषध थांबविल्यावर वर्षभरांत, उतरलेल्या वजनापैकीं दोन-तृतीयांश परत आलें. म्हणजे हा तापावरच्या गोळीसारखा पांच दिवसांचा मामला नव्हे, तर चष्म्यासारखा आहे. काढला कीं पुन्हा अंधुक. दुसरी गोष्ट अशी कीं, जें उतरतें तें सारें मेदच नसतें. त्यांतला चतुर्थांशापासून चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग स्नायूंचा वगैरे असतो.

ही दुसरी गोष्ट आपल्या लोकांस विशेष लागू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आपलें दोघांचें एक छायाचित्र छापलें. दोघे शेजारीं उभे. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा हुबेहूब २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ आणि आंतून मेदस्वी, अशी आपल्या देशाची घडण आहे. स्नायू मुळांतच थोडे. म्हणूनच २००९ सालीं भारतीय तज्ज्ञांनीं आपल्यासाठीं मर्यादा खालीं आणली: निर्देशांक २३ च्या वर जादा, २५ च्या वर स्थूल, आणि कंबर पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपर्यंत. अशा माणसानें लग्नाच्या छायाचित्रासाठीं चार किलो उतरवावयास हें औषध घेतलें, सहा महिन्यांनीं सोडलें, आणि गेलेल्या स्नायूंच्या जागीं चरबी परत आणली, तर तो काट्यावर होता तेथेंच दिसेल आणि आंतून पहिल्याहून वाईट असेल. आमच्या परिचयाच्या दोन घरांत हा उद्योग सुरू आहे. आम्हीं बोलून पाहिलें. वजन उतरत असलेला मनुष्य कोणाचें ऐकत नाहीं.

आतां तें घरगुती कारण. आमच्या सौभाग्यवतींस बारा वर्षें मधुमेह आहे. उंची पांच फूट एक इंच, वजन गेल्या श्रावणांत ८४ किलो, दोन्ही गुडघे दुखरे. चालावें म्हटलें तर गुडघे चालूं देत नाहींत, आणि न चालावें तर वजन गुडघ्यांना सोडीत नाहीं. डॉक्टरांनीं आठवड्याचें इंजेक्शन सुचविलें तेव्हां आम्ही वर लिहिलेला सगळा इतिहास, दारूगोळ्याच्या कारखान्यापासून ब्रेस्टच्या बंदरापर्यंत, त्यांना एका रात्रीं वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “अहो, हीं सगळीं माणसें मला ठाऊक नाहींत. पण मी गणपतीला जिना उतरूं शकेन का, एवढें मला पाहिजे. तुम्ही लेख लिहा, मी सुई घेतें.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. फेनफ्लुरामिनच्या वेळीं उत्तर द्यावयास चोवीस स्त्रियांचा दाखला होता. येथें सतरा हजार माणसांचा आहे आणि तो त्यांच्या बाजूचा आहे, हें आम्हांस प्रामाणिकपणें मान्य करावें लागलें.

ऑगस्टपासून आतांपर्यंत सहा महिने झाले. पहिले दोन महिने वाईट गेले. फोडणीचा वास आला कीं त्या माजघरांत जाऊन बसत. आठ किलो उतरले आहेत, साखर ताब्यांत आहे, आणि मधुमेहाच्या दोन जुन्या गोळ्यांपैकीं एक बंद झाली. डॉक्टरांनीं रोज अंडें, पनीर, उसळ खाण्याची आणि हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वीस मिनिटें कवाईत करण्याची ताकीद दिली आहे, ती स्नायूंसाठीं. अंडें आमच्या स्वयंपाकघरांत आलें तें या निमित्तानें, आणि निराळ्या भांड्यांत शिजतें. खर्च महिन्याला आमच्या पेन्शनचा मोठा लचका तोडतो. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत भारतांत मार्च २०२६ पर्यंतची, म्हणून पुढें तें औषध स्वस्त पडेल या हिशेबानें आम्हीं बदलाविषयीं विचारलें. डॉक्टर म्हणाले, बदलतां येईल, पण मात्रा पुन्हा पहिल्यापासून हळूहळू चढवावी लागेल.

गेल्या भेटींत सौभाग्यवतींनीं त्यांना सरळ विचारलें कीं, हें किती दिवस घ्यावयाचें. डॉक्टरांनीं चष्मा काढून पुसला. “वहिनी, वर्षानें मात्रा कमी करून पाहूं,” ते म्हणाले. “वजन राहिलें तर ठीक. चढूं लागलें तर परत वाढवूं. याहून पुढचें आज कोणीच सांगूं शकणार नाहीं.” त्यांनीं तें दुधाच्या हिशेबाच्या वहींत तारखेसह लिहून घेतलें, आणि वही पिशवींत ठेवून, कठड्याला हात न लावतां, आमच्या आधीं पायऱ्या उतरल्या.